लाकूड-मातीचे चर्च
मुलांनो, पोलंडमधील श्विदनित्सा गावात लूथरपंथी ख्रिश्चनांचे एक जुने चर्च आहे. तेव्हा हा प्रांत कॅथलिक बादशहाच्या ताब्यात होता. १६४८ सालच्या तहाने युद्ध संपले आणि बादशहाने लूथरपंथीयांना चर्च बांधायची परवानगी दिली. पण अटी पाहा! दगड-विटा वापरायच्या नाहीत. मनोरा नको. जागा गावकुसाबाहेर आणि काम एका वर्षात पुरे!

लोकांनी लाकडी सांगाडा उभारून त्यात माती व पेंढा भरला. १६५७ साली तेथे पहिली प्रार्थना झाली. बाहेरून ते कोठारासारखे साधे दिसते. आत मात्र रंगवलेले छत, सज्जांवर सज्जे आणि ७,५०० माणसांना जागा! घंटेचा मनोरा १७०८ साली झाला, तोही वेगळा. मातीची इमारत किती टिकणार, असे तुम्हांला वाटेल. तेथे आजही प्रार्थना होते.