आधी कागद, मग पुढचा बेत

लग्न ठरलं की मुलीला शंभर गोष्टी विचारतात. साड्या कुठून घ्यायच्या, दागिने कुणाकडे घडवायचे, नोकरी सोडणार की तिकडे दुसरी बघणार. कागदावर तुझं नाव कोणतं राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आपोआप बदलणार असं सगळेच धरून चालतात. माझ्या बाबतीतही तसंच झालं, आणि त्यापायी माझी नोकरी, पीएफचे पैसे आणि बाळाचा बेत हे सगळं महिनोन्‌महिने अडकून पडलं. ज्या मुलींचं नुकतंच लग्न झालंय किंवा ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नर्स आहे. माहेर बार्शीचं. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून पुण्यात एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम केलं आणि लग्नानंतर सांगलीला आले. आमच्या दोघांचा बेत अगदी सरळ होता. मी सांगलीत नोकरी धरायची, जरा बस्तान बसलं की बाळाचा विचार करायचा, आणि जमेल तेव्हा स्वतःचं घर. नोकरीची चिंता नव्हती, आयसीयूचा अनुभव असलेल्या नर्सला कुणी नाही म्हणत नाही. मुलाखत झाली, मेट्रन मॅडमनी त्याच दिवशी होकार दिला. अडलं ते कागदपत्रं तपासताना.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत घरच्यांनी माझं आधार कार्ड एका एजंटाकडे दिलं होतं. रेशन कार्डावर नाव चढवायचं होतं. सासूबाईंच्या मनात काही वावगं नव्हतं. सून घरची झाली हे कागदावरही दिसावं, इतकंच. एजंटाने मधलं नाव आणि आडनाव सासरचं लावलं आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या मनाने लिहिलं. माझ्या नावातलं एक अक्षरच गळलं. ते दिसल्यावर त्यानेच पुन्हा अर्ज करून दुरुस्त केलं. तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं की आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. जन्मतारीख तर एकदाच. माझ्या दोन्ही संधी सांगलीतल्या पहिल्या मुलाखतीआधीच संपल्या होत्या.

आता रुग्णालयाच्या टेबलावर काय होतं ते पाहा. दहावीचं प्रमाणपत्र, जीएनएमची पदविका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचा दाखला, पॅन, पीएफचा खाते क्रमांक म्हणजे यूएएन, सगळं माहेरच्या नावाने. आधार तेवढं सासरच्या नावाने. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा एकही सरकारी कागद माझ्याकडे नव्हता. लग्न कार्यालयात चारशे माणसांसमोर लागलं, पण विवाह नोंदणी मागे राहून गेली होती. लग्नपत्रिका आणि फोटो दाखवले, ते कुणी हातात धरले नाहीत. ‘प्रमाणपत्र घेऊन या’ म्हणाले. मी ते आणेपर्यंत ती जागा भरली गेली. माझा त्यांच्यावर राग नाही; आयसीयूत माणूस कमी ठेवून कोण किती थांबणार?

म्हणून माझं पहिलं सांगणं विवाह नोंदणीचं. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करावी अशी अपेक्षा आहे. पुढेही होते, पण विलंबाचं शुल्क पडतं आणि धावपळ कितीतरी वाढते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात हे काम होतं. अर्जावर वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. मांडवात ही सगळी माणसं एका जागी असतात. आमचे भटजी बार्शीचे, साक्षीदार तीन गावांत विखुरलेले. एकेका सहीसाठी एसटीने हेलपाटे घातले. लग्नाच्या दिवशीच, जेवणाच्या पंगती उठल्यावर, अर्ज पुढे करून सह्या घेऊन ठेवा. विवाहाच्या याद्या करता त्यात हळदीकुंकवाच्या खाली एक ओळ याची लिहा. आणि प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून दोघांच्या नावांचं प्रत्येक अक्षर दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. मराठीतलं आणि इंग्रजीतलं, दोन्ही.

नाव बदलायचं की नाही हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो नवराबायकोने बसून ठरवायचा आहे. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माहेरचं नाव ठेवूनही संसार होतो, मुलं शाळेत जातात, बँकेत संयुक्त खातं निघतं. दहावीच्या आणि पदवीच्या कागदावरचं नाव लग्नामुळे बदलत नसतं. नर्स, शिक्षिका, वकील, डॉक्टर अशा कौन्सिल किंवा पदवीच्या नोंदणीवर पोट असलेल्या मुलींना मी स्पष्टच सांगते, नाव आहे तेच ठेवा. ज्यांना मनापासून बदलायचंय त्यांनी जरूर बदलावं, त्यात कमीपणा काही नाही. पण मग सगळीकडे बदला. अर्धं तिकडे अर्धं इकडे ठेवू नका.

काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने मुलीचं नवं पहिलं नावही लिहितात. घरात त्या नावाने हाक मारायला हरकत नाही. कागदावर पहिलं नाव बदलायचं तर मात्र राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, ते छापून यावं लागतं. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं पहिलं नाव सासरी बदललं आणि गॅझेट केलं नाही. ती शिकलेली, पण तिची पदवी आज कोणत्याही अर्जाला जोडता येत नाही.

बदलायचंच असेल तर क्रम पाळा. आधी विवाह प्रमाणपत्र, पहिलं नाव बदललं असेल तर गॅझेट, मग आधार, मग पॅन, मग बँक, मग पीएफ. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नाव नवं होतं. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८. रेशन कार्डासाठी आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. आणि एखाद्या भरतीचा अर्ज भरलेला असेल, मुलाखत तोंडावर असेल, तर ते काम संपेपर्यंत कशालाही हात लावू नका. आधारचा अर्ज भरताना स्वतः समोर बसा. स्क्रीनवरचं स्पेलिंग वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. दोन्ही संधी संपल्यावर आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून विनंती करता येते, पण त्या रस्त्याने गेलेली मी आहे. तो लांबचा रस्ता आहे.

राखीव जागेवर अर्ज करणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. जात जन्माने मिळते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे जातीचा दाखला आणि जात पडताळणी ही माहेरच्या, म्हणजे वडील-आजोबांच्या कागदांवरच होते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने महसुली उतारे, भावाचं किंवा चुलत्याचं जात वैधता प्रमाणपत्र, हे सासरी जाण्याआधी मिळवून एका फाइलमध्ये लावा. लग्नानंतर प्रत्येक कागदासाठी वहिनीला फोन करावा लागतो, आणि पडताळणीला वेळ लागतो तो वेगळाच.

पीएफचं तर मला आजही वाईट वाटतं. नव्या नोकरीत यूएएन जोडायला गेले तर आधारवरचं नाव वेगळं, म्हणून अडलं. पुण्याच्या रुग्णालयाकडून आणि माझ्याकडून संयुक्त घोषणापत्र गेल्यावरच नाव दुरुस्त झालं. मधल्या काळात अनेकांनी सल्ला दिला की लग्न झालंय, गाव बदललंय, पैसे काढून मोकळी हो. ते करू नका. जुनी नोकरी नव्या खात्याला जोडली की सेवेची वर्षं जोडली जातात, आणि पीएफच्या पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. ज्या बाईची नोकरी लग्न, बाळंतपण आणि बदल्यांमुळे तुटत तुटत चालते, तिला तर त्या वर्षांची किंमत पुरुषापेक्षा जास्त आहे. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशनही नव्याने करावं लागतं, तेही त्याच बैठकीत उरकून टाका.

आता बाळाच्या बेताकडे येते, कारण नावाच्या घोळाचा खरा फटका मला तिथे बसला. पुण्याच्या नोकरीत रुग्णालयाचा गट विमा होता, त्यात बाळंतपणही होतं. राजीनामा दिला त्या दिवशी तो संपला. स्वतःची पॉलिसी घ्यायला गेले तेव्हा कळलं की वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाच्या खर्चाला प्रतीक्षा काळ असतो, बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांचा. म्हणजे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगाची नाही. ज्यांना लग्नानंतर काही वर्षांनी मूल हवंय त्यांनी पॉलिसी लग्नाच्या वर्षीच घ्यावी. प्रतीक्षा काळ किती, सिझेरियनला किती रक्कम मिळणार आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

रजेचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. पण त्यासाठी अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे, त्यांचं हिशेबाचं गणित वेगळं. तिथे आधीच्या लागोपाठ दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. माझा पगार त्या मर्यादेच्या वर होता, म्हणून मला ८० दिवसांचा नियम. जागा हातची गेल्यामुळे नोकरीच उशिरा सुरू झाली आणि बाळाचा विचार आम्हाला तेवढा पुढे ढकलावा लागला. वयाची घाई नव्हती म्हणून निभावलं. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरला डॉक्टरांनी थांबू नका सांगितलं होतं. तिने विनापगारी रजा काढली आणि परतल्यावर जागा मिळण्यासाठी तिला झगडावं लागलं. बाळंतपणाच्या रजेच्या काळात त्या कारणाने नोकरीवरून काढणं कायद्याने मना आहे, हे तिला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

बाळाच्या कागदाचीही सुरुवात आईच्या नावापासून होते. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव तिच्या एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल, तर तो घोळ बाळाच्या जन्मदाखल्यात उतरतो आणि शाळेपर्यंत पोचतो. प्रसूतीला दाखल होतानाच रुग्णालयाच्या नोंदवहीत आपलं नाव कसं लिहिलंय ते आवर्जून बघा.

घराबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण ती केवळ बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर खरेदी असेल तर. नवऱ्याबरोबर संयुक्त नावाने घेतलं की मिळत नाही. पन्नास लाखांच्या घरात ही रक्कम पन्नास हजारांची होते, तेव्हा नावं कुणाची लावायची हे खरेदीखताआधी ठरवा. आणि माहेरच्या जमिनीबद्दल कुणी हक्कसोड पत्र पुढे केलं, तर ते लग्नाच्या गडबडीत, डोळे पाणावलेले असताना करू नका. द्यायचंच असेल तर सहा महिन्यांनी, वाचून, समजून, मनापासून द्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला, देशभर तो २००५ मध्ये आला. लग्नाने तो जात नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की नव्या संसारात इतका कागदांचा विचार म्हणजे अविश्वास. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे नंतर हे सगळे कागद माझ्या नवऱ्यानेच एकेक करून फाइलला लावले, आणि सासूबाईंनी धाकट्या दिराच्या लग्नात भटजींची सही मांडवातच घेतली. घरात भांडण होऊन काहीच बदललं नाही, माहिती मिळाली म्हणून बदललं. म्हणून तुमच्याही घरी हा विषय रुसून नको, जेवणानंतर सगळे बसलेले असताना काढा.

तुमची विवाह नोंदणी झाली नसेल तर याच आठवड्यात तिचा अर्ज आणा. आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तुमचं आधार कार्ड नाव बदलण्यासाठी कुणाच्याही हातात देऊ नका.