पांढऱ्या अंगाची अळी

पेरूच्या देठाजवळ पांढरा कापूस चिकटल्यासारखा कधी दिसतो का? तो कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात राहात्याकडे पेरू, श्रीगोंद्याकडे लिंबू पुष्कळ. हा ढेकूण दोन्हींना लागतो. सोंड खुपसून रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. चिकट्यावर काळी बुरशी चढते. असे फळ बाजारात कोण घेणार?

पण फवारा मारण्याआधी नीट बघा. त्या कापसात एखादी अळी लगबगीने फिरताना दिसेल. तिच्याही अंगावर मेणाचे पांढरे धागे. शेतकऱ्याला वाटते, हा तर मोठा ढेकूण! आणि तो तिला चिरडतो. मारली जाते ती आपलीच राखणदारीण. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. पिठ्या ढेकूण आणि त्याची अंडी हेच तिचे मुख्य खाणे.

ओळखायची कशी? आम्ही शाळेच्या बागेत मुलांच्या हाती काडी देत असू. (छडी नव्हे, काडी!) काडीने डिवचले तर ढेकूण रेंगाळतो, अळी पळते. तिचे धागे लांब असतात. ती अर्ध्या इंचापर्यंत वाढते. ढेकूण तिच्या निम्म्याहून लहान. पुढे तिचा मसुरीएवढा भुंगेरा होतो. अंग काळसर, डोके नारिंगी. तोही ढेकूणच खातो. मादी अंडी घालते तीही ढेकणांच्या पुंजक्यात. पिल्लांना जन्मताच ताट वाढलेले!

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीच्या मळ्यांतील किडीसाठी 1898 साली तो भारतात आणला. अमेरिकेतही असा एक चट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा आहे. तिथे पाइन झाडाची साल पोखरणारे किडे सोबत्यांना बोलवायला वास सोडतात. त्याच वासाच्या मागाने हा येतो आणि त्यांना खातो. चोराच्या शिट्टीवर शिपाई यावा, तसे झाले.

आपल्या बागेत मात्र मुंगळे आडवे येतात. गोड चिकट्यासाठी ते ढेकणांची राखण करतात, भुंगेऱ्यांना हुसकतात. म्हणून आधी मुंगळ्यांचा बंदोबस्त करावा. खोडाला चिकट पट्टी बांधावी. भुंगेरे विकत मिळतात. एकरी सुमारे 600 भुंगेरे संध्याकाळी सोडावेत. विषारी औषध फवारलेल्या बागेत लगेच सोडू नयेत. ढेकणाला मेणाचे चिलखत असते, भुंगेऱ्याला नसते.