सेमिनरीचे सुटे पेपर

नोकरी आणि घर सांभाळून पूर्ण वेळ सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, जाणं चर्चच्या मंडळीतल्या फार थोड्यांना जमतं. उरलेले सुटे पेपर घेतात: नव्या कराराची ओळख, उपदेशशास्त्र, पाळकीय समुपदेशन. मीही घेतले. मी शाळेत शिकवते, मंडळीत महिला मंडळाचं काम बघते. पाळक होण्याचा विचार कधीच नव्हता. बायका प्रार्थनेच्या निमित्ताने घरचं सांगायला येतात, तेव्हा ‘प्रार्थना करू’ याच्या पुढे काही बोलता यावं, एवढंच हवं होतं.

पुढे वाटलं, पदविका पुरी करावी. जिथे पेपर केले होते तिथल्या कार्यालयात मला तोंडी सांगितलं होतं, ‘पुढे सगळे धरले जातील.’ दुसऱ्या सेमिनरीत कागद दाखवले तेव्हा कळलं, की माझी नोंद ‘ऑडिट’ म्हणून झाली होती. म्हणजे वर्गात बसायचं, वाचायचं, पण क्रेडिट नाही. निबंध लिहिले होते, परीक्षा दिली होती, फीही पूर्ण भरली होती. हातात मात्र हजेरीचं प्रमाणपत्र. जाब विचारायला गेले, तर आश्वासन देणारे गृहस्थ तिथून केव्हाच गेलेले.

म्हणून पैसे भरण्याआधी लेखी घ्या: हा पेपर क्रेडिटचा की ऑडिटचा, क्रेडिट किती वर्षं टिकतं, कुठल्या पदविकेत धरलं जातं आणि ती पदविका देतं कोण. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनऱ्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी संलग्न आहेत (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याजवळचं). केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या त्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, कारण ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १९१८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. काही सेमिनऱ्यांना असलेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही वेगळी गोष्ट. एकीकडचा पेपर दुसरीकडे चालेलच असं धरून चालू नका. आणि पाळकपदाच्या दीक्षेचा विचार मनात असेल, तर सेमिनरीच्या आधी आपल्या पंथाच्या बिशपांशी किंवा वरिष्ठांशी बोला. तो निर्णय त्यांचा.

समुपदेशनाच्या पेपराबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. पुस्तकातली बाई समुपदेशकाला अनोळखी असते. आमच्या मंडळीत कुणीच कुणाला अनोळखी नाही. जिच्या नवऱ्याबद्दल मी ऐकून घेते, तो माझ्या दिरासोबत चर्चच्या पंचमंडळात बसतो आणि रविवारी माझ्या पुढच्याच बाकावर असतो. हे कसं सांभाळायचं, ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. त्यातच पाळकसाहेबांनी कौतुकाने उपासनेत जाहीर केलं, की आता आपल्याकडे समुपदेशक आहेत. मग दारू, कर्ज, झोप उडालेली मुलं, कानात आवाज येतात म्हणणारे आजोबा, सगळं माझ्या दाराशी. आजोबांना मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यायला हवं होतं. घरचे म्हणाले, ‘ताई, तुम्ही शिकलात ना? मग डॉक्टर कशाला?’ त्यांना पटवण्यातच बराच वेळ गेला.

असं होऊ नये म्हणून ज्या पेपरात प्रत्यक्ष सराव आहे तोच घ्या. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉयझन यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली. ते स्वतः अशा रुग्णालयात राहून आलेले होते. त्यातून वाढलेल्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थी रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहून काढतो आणि शिक्षक व सोबती ते तपासतात. आपण कुठे घाईने बायबलचं वचन सांगितलं, कुठे समोरच्याचं वाक्य तोडलं, सगळं कागदावर दिसतं. तुमच्या पेपरात असं काही आहे का? तपासणारं कोण? उत्तर ‘नाही’ असेल, तर पेपर खुशाल वाचनासाठी घ्या, पण दारावर पाटी लावू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, सेमिनरीचं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही.

गुप्ततेचं वचनही सरसकट देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात पाळक किंवा समुपदेशक यांना सूट नाही. कुणी बसलं, की मी आधीच सांगते: जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा प्रश्न असेल, तर हे माझ्यापाशी राहणार नाही. काही जणी उठून जातात, जाऊ देत. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर त्यांना एकटं सोडत नाही आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिथेच लावून देते.

गावात राहत असाल, तर बंगळूरच्या ‘टाफ्टी’ची चौकशी करा. १९७१ पासून ही संस्था घरी अभ्यास आणि ठरावीक दिवशी गटात चर्चा अशा पद्धतीने शिकवते. पण पहिल्याच वर्षी समुपदेशन घेऊ नका. आधी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावरचा पेपर कुठे मिळतो का ते बघा. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर सगळं बरं चाललं होतं. आणि फी एका वेळी एकाच पेपराची भरा.