बकेट टेकण्याआधी

गावात मशीन आलंय म्हटलं की बांधाबांधावरून फोन सुरू होतात. कुणाला आंब्याचे खड्डे घ्यायचेत, कुणाला ठिबकची मेन लाईन गाडायचीय, कुणाच्या घरामागचा शोषखड्डा राहिलाय. भाडं तासावर, म्हणून मालकाला घाई. पुढच्या शेतावर नंबर लागलेला, म्हणून ड्रायव्हरला घाई. या घाईत वरची काळी माती खालच्या चुनखडीत मिसळून जाते, आणि दोन वर्षांनी डाळिंबाची पानं का पिवळी पडली याचा शोध औषधांच्या दुकानात सुरू होतो.

उन्हाळी खोदाईत यंत्राचं काम सोपं आहे. अवघड आहे ते यंत्र येण्याआधीचं.

पहिला प्रश्न यंत्र कोणतं बोलवायचं हा. ‘जेसीबी’ हे मुळात ब्रिटनमधल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरं, आणि ‘पोकलेन’ हे एका फ्रेंच कंपनीचं नाव; मराठी गावांनी दोन्ही नावांची सामान्यनामं करून टाकली. नेहमीचं पिवळं जेसीबी साडेसात टनांच्या आसपास भरतं. बांध फोडायला, दगड हलवायला ते हवंच. पण उभ्या बागेच्या दोन ओळींत ते फिरवलं तर चाकांखालची जमीन दबते आणि फांद्याही मोडतात. अशा जागी ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला बॅकहो किंवा रबरी पट्ट्यांवर चालणारा दोन-तीन टनी मिनी पोकलेन सोयीचा. अमेरिकेत घरमालक गाडीमागे ओढून न्यायचा याहूनही छोटा बॅकहो वापरतात. त्यातल्या बहुतेकांच्या चाकांना इंजिनाची जोडच नसते. बकेट जमिनीत रोवायची आणि यंत्राने स्वतःला पुढे ढकलत न्यायचं. काम सावकाश होतं, पण परसातल्या चराला तेवढं पुरतं.

यंत्राइतकीच बकेटची रुंदी महत्त्वाची. पाइपलाइनसाठी १०० मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर खोल चर घ्यायचा आहे असं धरू. फुटाची, म्हणजे ३० सेंटीमीटरची बकेट लावली तर १८ घनमीटर माती निघते. नेहमीची दोन फुटी बकेट लावली तर ३६. दुप्पट माती उपसायची, दुप्पट परत ढकलायची आणि भाडंही जास्त द्यायचं. म्हणून ‘अरुंद बकेट आहे का’ हे फोनवरच विचारावं. तास कुठून मोजणार, येण्याजाण्याचे पैसे वेगळे का, डिझेल कुणाचं, हेही त्याच फोनवर ठरावं.

खड्ड्यांचं माप झाडानुसार बदलतं. आंब्याला आणि नारळाला एक मीटर लांब, रुंद आणि खोल. डाळिंबाला आणि काजूला साधारण ६० सेंटीमीटर. डाळिंबाची लागवड ४.५ बाय ३ मीटरवर केली तर हेक्टरी ७४० झाडं बसतात, म्हणजे सुमारे १६० घनमीटर खोदाई. आंबा १० बाय १० मीटरवर लावला तर खड्डे १००च, पण माती १०० घनमीटर. हा हिशेब हाती असला की यंत्रवाल्याशी तासांचं बोलणं अंदाजावर राहत नाही. मशीन येण्याच्या आदल्या दिवशी दोरी धरून प्रत्येक खड्ड्याची जागा फक्कीने आखून ठेवावी; यंत्र उभं करून मोजमाप घेणं ही सर्वांत महाग आखणी.

आता मातीकडे. वरचा फूटभर थर हा पोयटा. सेंद्रिय अंश आणि जिवाणू बहुतेक त्यातच. त्याखाली मुरूम, कुठे चुनखडी, कोकणात जांभा. ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगावं: वरची माती खड्ड्याच्या एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. बकेटला दोनदा वळावं लागतं, थोडा वेळ जास्त जातो, तो जाऊ द्यावा. चुनखडी मुळांभोवती आली की झाडाला लोह नीट उचलता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. भरताना ती माती खड्ड्यात घालूच नये. बांधावर किंवा रस्त्यावर टाकावी.

वळीव पडून गेला की काळ्या रानात दोन-चार दिवस यंत्र घालू नये. ओल्या चिकण मातीत बकेट फिरली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी झिरपत नाही, मुळं बाहेर शिरत नाहीत, झाड कुंडीत लावल्यासारखं राहतं. ट्रॅक्टरच्या गिरमिटाने घेतलेल्या गोल खड्ड्यांत हा दोष आणखी ठळक दिसतो. तसं झालंच तर कुदळीने भिंती खरवडून घ्याव्यात. भारी, निचरा नसलेल्या जमिनीत डाळिंबासाठी खोल खड्ड्यापेक्षा उंच गादीवाफा बरा. खड्डा पावसाळ्यात डबकं होतो.

खाली काय पुरलंय हे आधी पाहावं. स्वतःच्या जुन्या पाइपलाइन, मोटारीची केबल, शेजाऱ्याची नळाची लाईन यांवर फक्कीची रेघ ओढावी. शेतातून तेलाची किंवा वायूची वाहिनी गेली असेल तर तिच्या खुणेचे खांब दिसतात. १९६२ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्या पट्ट्यात विहीर, तळं खोदायला आणि झाड लावायलाही मनाई आहे. भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना खोदाईची आगाऊ सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं आहे. वर मान करून तारांकडेही बघावं. विजेच्या तारांखाली बूम, म्हणजे यंत्राचा हात, उंच उचलायचाच नाही, ही ताकीद ड्रायव्हरला आणि सोबतच्या माणसाला सकाळीच द्यावी.

दीड मीटरहून खोल चरात आधाराशिवाय कुणी उतरू नये. एक घनमीटर माती दीड टनाच्या घरात असते. कमरेपर्यंत ढासळली तरी माणूस अडकतो. उपसलेला ढीग काठापासून एक-दीड मीटर लांब टाकावा. उतारावर छोटं यंत्र चटकन कलंडतं, म्हणून टेकू जमिनीत पक्के बसल्याशिवाय बूम बाजूला फिरवू नये. मुलांना आणि जनावरांना तिथे फिरकू देऊ नये. रात्री उघडे खड्डे काट्यांनी झाकावेत.

अनुदान घ्यायचं असेल तर कागद आधी, बकेट नंतर. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे. तिच्यातून खड्डे घ्यायचे असतील तर पूर्वसंमती मिळेपर्यंत थांबावं. रोजगार हमीतली लागवड मजुरांच्या हातांसाठी आहे, तिथे यंत्राच्या खोदाईचं बिल लावता येत नाही. नेमके नियम कृषी सहायकाकडून समजून घ्यावेत.

खड्डे तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावेत. किडींची अंडी, कोष आणि बुरशी बऱ्याच अंशी मरतात. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात खड्डे भरायला घ्यावेत. तळाशी वीतभर पालापाचोळा, त्यावर पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळून. डाळिंबाला खड्ड्यामागे २० किलो शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. आंब्याला खत त्याहून जास्त लागतं. खोदलेली माती फुगते आणि पहिल्या पावसात बसते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा आणि मधोमध खुंटी रोवावी. दोन चांगले पाऊस झाल्यावर, माती बसली की त्याच खुंटीच्या जागी कलम लावावं. खचलेल्या खड्ड्यांना लागेल म्हणून थोडा पोयटा बांधाकडेला ताडपत्रीखाली झाकून ठेवावा. जूनमध्ये तेवढ्यासाठी मशीन परत येत नाही.