सौंसर-पांढुर्ण्याजवळ रानफुलं कुठे पाहावीत?

प्रश्न : आम्ही सौंसरला राहतो. वसंतातली रानफुलं सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येईल, अशी कुठे पाहायला मिळतील? कधी जावं?

उत्तर : सौंसरहून छिंदवाड्याकडे निघा आणि सिल्लेवानी घाट गाठा. आपल्याकडे वसंताची फुलं जमिनीवर नव्हे, झाडांवर शोधायची. पानगळीच्या या जंगलात पानं झडलेली असल्यामुळे ती लांबूनही दिसतात.

आधी काटेसावर लाल होते. फेब्रुवारीअखेर ते मार्च पळसाचे दिवस. खडकाळ उतारांवर पिवळीधमक सोनसावर शोधा. पळसाच्या झाडाखाली थोडं थांबा. मधासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी येतात आणि परागीभवनही करतात. मार्चच्या उत्तरार्धात मोह फुलतो. त्याची फुलं पहाटे गळतात, म्हणून उजाडता पोहोचा. ती वेचून कुणाचं तरी घर चालतं, तेव्हा तुडवू नका, उचलू नका.

पांढुर्ण्याकडून येणार असाल तर फेब्रुवारीत वाटेवरच्या संत्र्याच्या बागांजवळ गाडीची काच खाली करा. आंबिया बहाराचा वास येईल. बागेत शिरायचं तर मालकाला विचारूनच.

होळीच्या रंगासाठी पळसाची गळलेली फुलंच घ्या, फांद्या मोडू नका. रात्रभर पाण्यात भिजवली की केशरी रंग उतरतो. घाटात वळणावर गाडी थांबवू नका. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे विडी-काडी, चूल काही नको.

हा हंगाम हुकला तर एप्रिलअखेरीस बहावा आहेच.