पेत्र परत येतो तेव्हा

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये १०:९ ते ११:१८



म्हैसूरमधील नजरबादचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड नजरबादच्या नव्या किल्ल्यासाठी नेले. १७९९ मध्ये त्याचा अंत झाल्यावर तेच दगड म्हैसूरचा किल्ला पुन्हा बांधण्यासाठी परत आणण्यात आले. भिंत पाडली गेली. दगड मात्र टिकले. सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या तरुणाच्या विश्वासाचेही पुष्कळदा असेच होते.

पेत्राकडे पाहा. शुद्ध काय व अशुद्ध काय, हे आपणास ठाऊक आहे अशी त्याची खात्री होती. कैसरियास कर्नेल्याच्या घरी तो शिकवावयास गेला. परंतु देव तेथे आपल्याआधीच कार्य करीत आहे, हे त्यालाच शिकावे लागले.

या भागात ‘दियाक्रिनो’ हे एकच ग्रीक क्रियापद तीनदा येते. संशय न धरता जा, असे आत्मा पेत्राला सांगतो (१०:२०); यरुशलेमातील बंधू त्याच्याशी वाद घालतात (११:२); आणि भेद न मानता जाण्याची आज्ञा मला झाली होती, असे तो त्यांना सांगतो (११:१२). मराठीत संशय, वाद व भेद असे तीन शब्द योजावे लागतात. पण मूळ एकच. पेत्राच्या मनातील भेद मिटला, तोच तो मंडळीत उभा राहिला!

आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घ्या. इंग्लंडचे वेरियर एल्विन १९२७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. १९३२ मध्ये ते आपले मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. गोंडांना ख्रिस्ती करणे हा आपल्या सेवेचा हेतू नव्हे, अशी त्यांची धारणा झाली. त्यावरून नागपूरच्या बिशपांशी त्यांचे मतभेद झाले व १९३५ मध्ये त्यांनी चर्चचा निरोप घेतला. कोणाचे खरे, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ही ताटातूट वेदनादायक आहे.

यरुशलेमात निराळे घडले. पेत्राने सर्व हकिकत क्रमाने सांगितली. सहा बंधू साक्षीस होते. मंडळीने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि वादाचे पर्यवसान स्तुतीत झाले (११:१८).

आपणही मुलामुलींना प्रार्थना करून सेवेसाठी दूरदेशी पाठवतो. ती प्रश्न घेऊन परतली, तर त्यांना विश्वासभ्रष्ट म्हणण्याची घाई करू नका. पडलेल्या भिंतीचे दगड त्यांच्याजवळ असतात. पुन्हा बांधताना त्यांना सोबती हवे असतात.

मननासाठी : आपल्या मंडळीतून सेवेस गेलेल्या तरुणाचे म्हणणे आपण शेवटचे केव्हा पूर्ण ऐकून घेतले?