फॅन व्हिडिओ: आधी फाइल, मग इफेक्ट

फॅन व्हिडिओ म्हणजे आवडत्या नटाच्या चित्रपटांतले तुकडे एखाद्या गाण्यावर नव्याने जुळवून केलेले हौशी संकलन. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळच्या सिरोंचात हा नट बहुधा तेलुगू असतो. नदी ओलांडली की तेलंगणाच. सुरुवात मोबाइलवर होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकबरोबर विवाव्हिडिओ हे संकलनाचे ॲपही गेले. ज्याने फक्त बटणे पाठ केली होती, त्याला पुन्हा पहिलीपासून गिरवावे लागले. कट आणि फ्रेम ज्याला कळतात, त्याचे ॲप बदलल्याने फारसे अडत नाही.

संगणकावर ८ जीबी रॅम असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बरे. दोन्ही मोफत आहेत. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती समर्थ आहे, पण तिला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक आवृत्ती घेऊ नये. तिच्याबरोबर व्हायरसही येऊ शकतो.

नवशिक्याचे हात पोळतात ते मात्र कच्च्या मालाने. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन येतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, मोबाइलचे चित्रण साधारण ३० चे. चित्रपटाचा तुकडा ३० च्या टाइमलाइनवर टाकला की दर चार फ्रेममागे एक दुबार येते. मारामारीत ते खपून जाते, पण कॅमेरा संथपणे सरकू लागला की चित्र अडखळते. म्हणून टाइमलाइन २४ चीच ठेवावी. मोबाइल व स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त होतो. सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज शेवटाकडे फाकतात. अशी फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाची करून मगच कापावी.

ठेक्याचेही गणितच आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर ठोका बरोबर १२ फ्रेमवर पडतो. १३० असतील तर साधारण ११.०८ वर, आणि दर अकरा फ्रेमला डोळे मिटून कापत गेले तर कट हळूहळू ठोक्याच्या पुढे पळतात. ध्वनीची लहर मोठी करून प्रत्येक ठोक्यावर आधी खूण करावी. प्रत्येक खुणेवर कट मात्र नको. नटाची नजर वळते तिथे थांबू द्यावे. उडते गुलाब आणि फुटणारी हृदये हे इफेक्ट लग्नाच्या व्हिडिओपुरतीच ठीक.

मराठी आणि तेलुगू अशी दोन्ही नावे द्यायची तर प्रत्येक लिपीचा युनिकोड फाँट वेगळा निवडावा. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई मजकुराची सोय चालू नसेल, तर ‘सिरोंचा’तली पहिली वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसते.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवला आहे एवढीच नोंद असते. नुसती प्रोजेक्ट फाइल मित्राच्या लॅपटॉपवर नेली की टाइमलाइनवर ‘फाइल सापडत नाही’ एवढेच दिसते. सगळे तुकडे, गाणे, फाँट एकाच फोल्डरमध्ये टाकून ते अख्खे न्यावे.

चित्रे निर्मात्याची, गाणे संगीत कंपनीचे. खाली श्रेय लिहिल्याने परवानगी मिळत नाही. यूट्यूबवर ‘क्लेम’ आला तर जाहिरातीचे पैसे सहसा मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. ‘स्ट्राइक’ वेगळी, ९० दिवसांत अशा तीन आल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. त्यामुळे मूळ प्रत आपल्या डिस्कवर असावी.